स्लीव्ह आकसली, पण सांधा झाला का?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत ओलांडल्यावर करमाड लागते. रस्त्याच्या एका अंगाला मोटारगाड्यांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, तर दुसऱ्या अंगाला मोसंबीच्या बागा, कपाशी आणि बोअरवेल. कारखान्यातली मोटारगाडी आणि शेतातली पाणबुडी मोटार या दोन गोष्टींत एक समान दुवा आहे. दोन्हींतील तारांच्या सांध्यांवर काळी, घट्ट बसलेली एक नळी असते. दुकानात तिला हीट श्रिंक स्लीव्ह किंवा नुसतेच 'श्रिंक स्लीव्ह' म्हणतात. ती तारेवर सैल सरकवायची आणि तापवायची. ती आकसते आणि सांध्याला आवळून बसते.

मोटारगाडीतील सांधा बिघडला तर दिवा लागत नाही. बोअरमधील सांधा बिघडला तर मात्र साठ-सत्तर मीटर पाइप, केबल आणि मोटार वर काढावी लागते. त्यासाठी माणसे लागतात, चेनपुली लागते, आणि ऐन उन्हाळ्यात बाग दोन-चार दिवस तहानलेली राहते. सांध्यातून पाणी आत गेले तर मोटार जळू शकते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोकाही असतो. अशा सांध्यावरची स्लीव्ह तापवायला कोणी मेणबत्ती वापरतो, कोणी लायटर, कोणी सोल्डरिंग आयर्नचा दांडा, तर कोणी हीट गन. 'आकसली ना? मग झाले!' असे सर्वसाधारण मत असते. ते अर्धेच बरोबर आहे. ते का, हे समजून घेताना आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्रातील बरीच उष्णता आपल्या हाताखालून जाते. म्हणून हा विषय शिक्षकांसाठी निवडला आहे.

नळीला 'आठवण' कशी राहते?

दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. बहुतेक श्रिंक स्लीव्हही पॉलिथिनच्याच कुळातील बहुवारिकाच्या असतात. मग तापवल्यावर पिशवी वितळते आणि स्लीव्ह वितळून ओघळत नाही, हे कसे?

साध्या पॉलिथिनमध्ये कार्बनच्या लांबलचक साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. काही भागांत त्या शिस्तीने घड्या घालून बसतात. ते झाले स्फटिकमय भाग. त्यांच्यामुळे प्लॅस्टिकला ताठरपणा येतो. प्रकारानुसार ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास हे स्फटिक वितळतात, साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि प्लॅस्टिक वाहू लागते. स्लीव्हच्या साखळ्या मात्र जागोजागी एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या असतात. शिडीच्या पायऱ्यांसारखे हे आडवे दुवे. त्यामुळे साऱ्या साखळ्यांचे मिळून एक जाळे तयार होते. स्फटिक वितळले तरी जाळे सुटत नाही. पदार्थ वाहत नाही, तर रबरासारखा होतो.

स्लीव्ह बनवताना आधी छोट्या व्यासाची नळी काढतात आणि तिच्यात आडवे दुवे निर्माण करतात. मग ती तापवून रबरासारखी झाली की आतून दाब देऊन तिचा व्यास दुप्पट किंवा तिप्पट करतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. थंड होताना पुन्हा स्फटिक तयार होतात आणि ताणलेले जाळे जागच्या जागी जखडून टाकतात. आपण दुकानातून आणतो ती ही जखडलेली नळी. तिला पुन्हा तापवले की स्फटिकांचे कुलूप उघडते आणि जाळे मूळ मापाकडे परत जाते. म्हणजे स्लीव्हला आकसवण्याचे काम आपली उष्णता करत नाही. ते काम कारखान्यात आधीच साठवून ठेवलेले असते. आपण फक्त कुलूप उघडतो.

आडवे दुवे निर्माण करण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे किरणांचा मारा. ब्रिटनमधील हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ साली पॉलिथिन अणुभट्टीतील किरणांखाली ठेवले, तेव्हा ते तापवल्यावर वाहत नाही असे दिसून आले. १९५७ मध्ये पॉल कुक यांनी अमेरिकेत रेकेम ही कंपनी काढली आणि किरणांनी बदललेल्या प्लॅस्टिकच्या तारा व श्रिंक स्लीव्ह बाजारात आणल्या. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने वाशी येथे उभारलेला २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्वरक केबलच्या आवरणात असे आडवे दुवे निर्माण करण्यासाठी वापरला गेला आहे. अणुविज्ञानातून निघालेली ही वस्तू आज तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

तापमान वेगळे, उष्णता वेगळी

साधी पॉलिओलेफिन स्लीव्ह ७० ते ९० अंशांच्या दरम्यान आकसू लागते आणि १२० ते १२५ अंशांना पूर्ण आकसते. मग प्रश्न असा की, घरातले केस वाळवण्याचे ड्रायर का चालू नये? तेही हजार-बाराशे वॉटचे असतेच.

थोडा हिशेब करू. हवेची घनता लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे एक ज्यूल लागतो. ड्रायर मिनिटाला १२०० लिटर हवा फेकतो असे धरू. म्हणजे सेकंदाला २० लिटर, अर्थात २४ ग्रॅम. ड्रायर १२०० वॉटचा असेल तर सेकंदाला १२०० ज्यूल २४ ग्रॅम हवेत वाटले जातील. हवा १२०० भागिले २४, म्हणजे ५० अंशांनी तापेल. खोलीचे तापमान ३० असेल तर बाहेर येणारी हवा साधारण ८० अंशांची. केसांसाठी ती योग्य आहे. स्लीव्ह मात्र तिने जेमतेम अर्धी आकसेल आणि तिथेच थांबेल. तासभर धरून बसले तरी ८० अंशांच्या हवेने कोणतीही वस्तू ८० च्या वर जाणार नाही.

आता १८०० वॉटची हीट गन घ्या. ती मिनिटाला ३०० लिटर हवा देते असे धरू. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, ६ ग्रॅम. १८०० भागिले ६ म्हणजे ३०० अंश. बाहेर येणारी हवा ३३० अंशांच्या आसपास. वॉट फक्त दीडपट, पण तापमानातील वाढ सहापट. कारण हवा चौपटीने कमी. हीट गनच्या खोक्यावर फक्त वॉट पाहून निवड करू नये ते यासाठी. वॉट, हवेचे प्रमाण आणि तापमान या तिघांपैकी दोन कळले की तिसरे आपल्याला काढता येते.

छोट्या गनचे गणितही असेच. ३०० वॉटची छोटी गन मिनिटाला ७५ लिटर हवा देत असेल तर ती हवा २०० अंशांनी तापेल. तापमान स्लीव्हला पुरेसे आहे, पण हवेचा साठा थोडा. बारीक तारेला ही गन उत्तम. जाड केबलच्या थिंबलवर मात्र ती हरते. का, ते पुढे पाहू.

स्लीव्हला लागणारी उष्णता तशी फार थोडी असते. सहा मिलिमीटर व्यासाच्या, पाच सेंटिमीटर लांबीच्या साध्या स्लीव्हचे वजन सुमारे ०.६ ग्रॅम भरते. ते ९० अंशांनी तापवायला आणि स्फटिक वितळवायला मिळून १८० ज्यूलच्या आसपास पुरतात. १८०० वॉटची गन दहा सेकंदांत १८,००० ज्यूल बाहेर टाकते. म्हणजे शंभरातील एक भाग कामी आला, बाकी वाऱ्यावर गेले. हवा उष्णतेची कंजूष वाहक आहे, म्हणूनच १२५ अंशांच्या कामाला ३००-३५० अंशांची हवा वापरावी लागते. हवा तेवढी तापलेली असली तरी स्लीव्ह तिथपर्यंत पोचत नाही, कारण त्याआधीच आपण गन हलवतो. गन एका जागी धरली तर मात्र ती पोचेल आणि करपेल.

उष्णतेला आत शिरायला वेळ लागतो

बोअरच्या सांध्याला साधी स्लीव्ह चालत नाही. तिथे आतून डिंकाचे अस्तर असलेली जाड भिंतीची स्लीव्ह लागते. साधी स्लीव्ह कितीही आवळली तरी तारेचे आवरण आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. पाण्याखाली ४० मीटरवर असलेल्या सांध्यावर वातावरणाच्या चौपट जादा दाब असतो. त्या दाबाला तेवढी फट पुष्कळ झाली. शिवाय मोटार चालू असताना केबल थोडी तापते, सांध्यातील हवा प्रसरण पावते. मोटार बंद झाली की हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी आत ओढते. सांधा जणू श्वास घेतो, आणि प्रत्येक श्वासाला थोडे पाणी पितो. अस्तराचा डिंक वितळून फटीत भरला आणि थिजला तरच हा श्वास थांबतो.

इथे 'आकसली म्हणजे झाले' हे मत फसते. स्लीव्ह आकसलेली बाहेरून दिसते. डिंक आत असतो. आणि प्लॅस्टिक उष्णतेचे वाईट वाहक आहे. तांब्याच्या तुलनेत पॉलिथिनची उष्णतावाहकता सुमारे हजारपटीने कमी. बाहेरच्या पृष्ठभागावर दिलेली उष्णता आतल्या बाजूपर्यंत पोचायला लागणारा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या मिलिमीटर भिंतीला दीड-दोन सेकंद पुरतात. दोन मिलिमीटर भिंत जाडीने चौपट, म्हणून वेळ सोळापट; सुमारे पंचवीस सेकंद. त्यातच एक भर पडते. स्लीव्हचा व्यास निम्मा झाला आणि लांबी जवळपास तेवढीच राहिली, तर भिंत दुप्पट जाड होते, कारण प्लॅस्टिकचे घनफळ बदलत नाही. म्हणजे जसजशी स्लीव्ह आकसते तसतशी उष्णतेची वाट लांबत जाते.

ही पंचवीस सेकंदे कोणत्याही युक्तीने चारवर आणता येत नाहीत. दुप्पट तापलेली हवा किंवा ज्योत लावली तर फक्त बाहेरचा थर लवकर तापतो. तो करपतो, आतला डिंक तसाच घट्ट राहतो. चुलीवर मोठ्या जाळात टाकलेली भाकरी वरून काळी आणि आतून कच्ची राहते, तोच हा प्रकार.

आतमध्ये तांबे असते, हा आणखी एक मुद्दा. तांबे आलेली उष्णता दोन्ही बाजूंना पळवून नेते. चार चौरस मिलिमीटरची तार, सांधा १२० अंशांवर आणि तीन सेंटिमीटरवर तार थंड, असे धरले तर प्रत्येक बाजूने सुमारे पाच वॉट निघून जातात. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमधून त्याच हिशेबाने चाळीसहून अधिक वॉट जातात. छोटी गन इथे हरते ती यामुळे. तिच्या हवेतून सांध्यात जेवढी उष्णता शिरते, जवळजवळ तेवढीच तांबे वाहून नेते. अशा वेळी हवेचे तापमान वाढवण्यापेक्षा हवेचे प्रमाण वाढवावे आणि आधी केबल थोडी गरम करून घ्यावी.

कोणते साधन कशासाठी?

मेणबत्ती व लायटर. ज्योतीच्या उजळ भागाचे तापमान हजार अंशांच्या वर असते आणि ती एकाच बाजूला लागते. स्लीव्हची एक बाजू करपते, दुसरी सैल राहते. मेणबत्तीच्या ज्योतीतील काजळी स्लीव्हवर बसते. काजळी म्हणजे कार्बन. विद्युतरोधकावर कार्बनचा थर कोणालाच नको असतो. वर्कशॉपमध्ये किंवा वर्गात ही सवय लागू देऊ नये.

सोल्डरिंग आयर्न. टोक नव्हे, तर दांड्याची बाजू स्लीव्हजवळ फिरवतात. बारीक सिग्नल तारेवर, तातडीच्या वेळी ठीक आहे. पण उष्णता एका रेषेत लागते, दांडा टेकला की खाच पडते. डिंकाच्या स्लीव्हला अजिबात उपयोगाचे नाही.

केस वाळवण्याचे ड्रायर. हवा पुष्कळ, तापमान कमी. कमी तापमानाला आकसणारी पातळ आवरणे सोडली तर उपयोग नाही. हवेची वाट अडवून तापमान वाढवण्याचा उद्योग करू नये. आतील तार जळते.

छोटी हीट गन, सुमारे ३०० वॉट. एक-दीड मिलिमीटरपासून सहा-आठ मिलिमीटरपर्यंतच्या स्लीव्ह, शाळेतील इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकल्प, मोटारसायकलचे वायरिंग यांना योग्य. हवेचा झोत सौम्य असल्यामुळे शेजारचे सुटे भाग उडत नाहीत.

मोठी हीट गन, १५०० ते २००० वॉट. वर्कशॉपचे खरे साधन. दोन टप्प्यांची गन साधारणपणे खालच्या टप्प्याला ३०० ते ३५० आणि वरच्या टप्प्याला ५०० ते ६०० अंश देते. स्लीव्हसाठी नेहमी खालचा टप्पा. वरचा टप्पा रंग काढण्यासाठी असतो. चक्रीने तापमान बदलता येणारी गन मिळाली तर अधिक चांगले. तिच्यासोबत अर्धगोल वळवलेल्या पत्र्याचे नोझल मिळते. ते जरूर घ्यावे. झोत स्लीव्हच्या समोरून लागतो आणि पत्र्यावर आपटून मागूनही लागतो. वर सांगितलेला 'एकच बाजू करपणे' हा दोष या साध्या पत्र्याने बराचसा जातो.

दुरुस्तीच्या टेबलावरील हॉट एअर स्टेशन. सर्किट बोर्डावरील सुटे भाग काढण्या-बसवण्यासाठी बनवलेले. तापमान आणि हवा दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येतात. बारीक कामाला उत्तम, पण ते टेबलाला बांधलेले असते. फक्त स्लीव्हसाठी वेगळे विकत घेण्याची गरज नाही.

गॅस टॉर्च. शेतात, बोअरच्या तोंडाशी बहुधा स्टार्टरची पेटी असते, सॉकेट नसते. आणि शेतीची वीज ठरावीक तासांतच येते. तिथे गॅसवर चालणारे साधन उपयोगी पडते. जाड केबलचे जोडकाम करणारे अनुभवी कारागीर टॉर्चची ज्योत टोकाला पिवळसर, मऊ ठेवतात आणि ती सतत फिरवत राहतात. टोकदार निळी ज्योत टाळतात, कारण ती उष्णता एका बिंदूवर ओतते. हे काम पाहून शिकायचे आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये. पाणबुडी मोटारीच्या सांध्यासाठी याहून सोपा मार्ग आहे. मोटार आणि केबल गावात, सॉकेट असलेल्या ठिकाणी आणावी, हीट गनने सांधा करावा, तपासावा आणि मग ती शेतात न्यावी. मोटार खाली सोडण्यापूर्वी हे सहज शक्य असते.

कारखान्यातील वायरिंग हार्नेसवर बहुधा गन फिरवत नाहीत. दोन्ही बाजूंनी तापलेल्या यंत्रात सांधा ठरावीक सेकंद ठेवतात. तत्त्व तेच: उष्णता सर्व बाजूंनी आणि वेळ मोजून.

शेजाऱ्याला किती सोसते?

साधन निवडताना स्लीव्हपेक्षा तिच्या शेजाऱ्यांचा विचार अधिक करावा लागतो. घरगुती तारांचे सामान्य पीव्हीसी आवरण सतत ७० अंश सोसेल असे बनवलेले असते. काही सेकंदांचे १२० त्याला चालतात, पण ३५० अंशांचा झोत रेंगाळला तर ते फुगते. पीव्हीसी जळू लागले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. घसा खवखवला तर समजावे की गन फार वेळ धरली. नेहमीचे शिसे-कथिलाचे सोल्डर १८३ अंशांपासून वितळू लागते. मोठ्या गनच्या वरच्या टप्प्यावर स्लीव्हच्या आतील सोल्डर वितळून सांधा सरकू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. पाणबुडी मोटारीच्या केबलला सोल्डरऐवजी दाबून बसवलेली तांब्याची नळी वापरणे अधिक बरे, त्याचे हेही एक कारण आहे. लिथियम बॅटरीच्या सेलजवळ हीट गन नेऊच नये.

टेफ्लॉनची स्लीव्हही मिळते. तिला आकसायला ३३० अंशांच्या वर तापमान लागते आणि ती जास्त तापली तर तिचे धूर माणसाला ताप आणतात, पक्ष्यांना तर मारक ठरतात. शाळेत किंवा शेतीकामात तिची गरज नाही.

आणखी एक शेजारी म्हणजे भिंतीतील सॉकेट. २००० वॉटची गन २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेते. शाळेतील साधे सॉकेट ५ किंवा ६ अँपिअरचे असते. गन नेहमी मोठ्या, १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर लावावी आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच लावू नये. नाहीतर सांधा करता करता बोर्डाचीच स्लीव्ह व्हायची.

सांधा करताना

पहिली गोष्ट, वीजपुरवठा बंद. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही; मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत.

दुसरी गोष्ट, तार जोडण्याआधी स्लीव्ह ओवून घ्यावी आणि तापणार नाही इतकी दूर सरकवावी. केबल चपटी, तीन तारांची असेल तर प्रत्येक तारेला वेगळी छोटी स्लीव्ह आणि सर्वांवर एक मोठी. मोठी स्लीव्ह सर्वांत आधी ओवायची. तिन्ही सांधे एकाच ठिकाणी न घेता थोडे मागेपुढे घ्यावेत, म्हणजे गाठ होत नाही.

मापाचा नियम सोपा आहे. ताणलेला व्यास सांध्यावरून सरकेल इतका मोठा हवा. पूर्ण आकसल्यानंतरचा व्यास तारेच्या आवरणापेक्षा लहान हवा. पाकिटावर दोन्ही आकडे दिलेले असतात. स्लीव्ह दोन्हीकडच्या आवरणावर किमान दोन-अडीच सेंटिमीटर चढली पाहिजे. आवरणावरील तेल, माती, घाम पुसून काढावा. डिंक धुळीला चिकटतो, आवरणाला नाही.

तापवायला मधून सुरुवात करावी आणि टोकांकडे जावे, म्हणजे आतील हवा बाहेर पडते. टोके आधी आवळली तर हवा कोंडते आणि मध्ये फुगा राहतो. गन पाच-सहा सेंटिमीटर दूर, सतत फिरती. स्लीव्ह आकसल्यावरही थांबायचे नाही. दोन्ही टोकांना डिंकाचे बारीक, सलग कडे ओघळून आलेले दिसेपर्यंत तापवत राहायचे. उष्णता आतपर्यंत पोचली याचा दिसणारा पुरावा हाच. मग सांधा हलवू न देता, पाणी न ओतता, आपोआप थंड होऊ द्यावा. काम संपल्यावर गनही लगेच बंद न करता थंड हवेचा टप्पा असेल तर मिनिटभर त्यावर चालवावी. आतील तार जास्त टिकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. ड्रायरचे गणित. कचऱ्याची मोठी पिशवी पाण्याने मापून तिचे आकारमान काढा. ड्रायर थंड हवेवर ठेवून पिशवी किती सेकंदांत भरते ते पाहा. त्यावरून मिनिटाला किती लिटर हवा ते मिळेल. ड्रायरचे वॉट घराच्या वीजमीटरवरून काढा. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते लिहिलेले असते. ती संख्या ३२०० असेल आणि बाकी सर्व उपकरणे बंद असताना दिवा मिनिटाला ६४ वेळा लुकलुकला तर ड्रायर १२०० वॉटचा. आता तापमानातील वाढ गणिताने काढा आणि प्रयोगशाळेतील तापमापीने पडताळा. फरक का पडला यावर चर्चा करा. हा प्रयोग हीट गनवर करू नये, पिशवी वितळेल.

२. जाळ्याचा पुरावा. दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि साध्या स्लीव्हचा तुकडा वेगवेगळ्या अॅल्युमिनियम फॉइलच्या घडीत ठेवून वरून गरम इस्त्री पंधरा सेकंद दाबा. एक चिकट पापुद्रा होतो, दुसरा आकसतो पण तुकडाच राहतो. दोन्ही पॉलिथिनच्या कुळातील असून हा फरक कशामुळे, ते मुलांना शोधू द्या.

३. उकळते पाणी. स्लीव्हचे सारखे दोन तुकडे कापा. एक उकळत्या पाण्यात, दुसरा हीट गनखाली. आधी आणि नंतर व्यास, लांबी व भिंतीची जाडी मोजा. उकळते पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून पहिला तुकडा अनेकदा अर्धवट आकसलेला मिळतो. घनफळ कायम राहते का, तेही आकड्यांवरून तपासा.

४. श्वास घेणारा सांधा. कशालाही न जोडलेल्या तारेचे तीन सांधे करा: एकावर नुसती चिकटपट्टी, एकावर साधी स्लीव्ह, एकावर डिंकाची स्लीव्ह. सांधे मिठाच्या कोमट पाण्यात, साधारण ६० अंशांवर, दहा मिनिटे बुडवा आणि मग थंड मिठाच्या पाण्यात. असे पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी तारेचे कोरडे टोक आणि पाण्यातील खिळा यांमधील रोध मल्टिमीटरने मोजा. रोध कोणाचा आधी कोसळतो याचा आलेख काढा. जळालेली मोटार न पाहताही तिची गोष्ट या आलेखातून कळते. खऱ्या पाणबुडी मोटारीचा सांधा वायरमन याच पद्धतीने तपासू शकतो. सांधा बादलीत बुडवून तो ५०० व्होल्टच्या मेगरने रोध पाहतो. हे मापन फक्त जाणकारानेच करावे.

हातांनी काम करता करता विज्ञान शिकावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला तो याच हेतूने, आणि तेथील मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक ग्रामीण शाळांत पोचला. २०१६ पासून काही शाळांना अटल टिंकरिंग लॅबही मिळाल्या आहेत. अशा शाळेने एकच साधन घ्यायचे ठरवले तर दोन टप्प्यांची १५०० ते २००० वॉटची हीट गन आणि तिचे वळवलेले नोझल घ्यावे. फक्त बारीक इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ३०० वॉटची छोटी गन पुरे. पैसे उरले तर ते अधिक वॉटच्या गनवर घालवण्यापेक्षा डिंकाच्या चांगल्या स्लीव्हवर घालवावेत.

करमाडसारख्या गावातील विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या शेंद्र्याच्या कारखान्यात काम करील, कोणी घरची मोटार बोअरमध्ये सोडील. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक असावी: साधन उष्णता देते, पण ती आत शिरायला लागणारा वेळ आपल्यालाच द्यावा लागतो.